बझरची वायर

ही गोष्ट घडलेली आहे.

पटली तर पटली, नाही तर राहिलं. मी कुणाच्या पाया पडत बसणार नाही. ज्याच्यासोबत घडली तो अंगद माझा सख्खा मावसभाऊ. नगरला केडगाव बायपासला त्याचं ट्रकच्या वायरिंगचं गॅरेज आहे. तो दारू पीत नाही, देवदेव फारसा करत नाही, आणि थापा मारायला त्याला वेळ नसतो.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, मध्यरात्र लागते. इथे तसलं काही नाही. दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दुपारची जेवणं आटोपलेली. ऊन असं, की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

आणि जागा... करंजी घाटाचा माथा.

आधी भागवतबद्दल सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही.

भागवत म्हणजे अंगदचा थोरला भाऊ. मच्छिंद्रशेठच्या दहा टायरी ट्रकवर ड्रायव्हर होता. एके सकाळी कांदा भरून घाट उतरताना गाडी कठडा तोडून खाली गेली. भागवत जागीच संपला. कांद्याच्या गोण्या लोकांनी बघता बघता उचलून नेल्या. भागवतला उचलायला मात्र पोलीस येईपर्यंत कुणी पुढे झालं नाही.

मच्छिंद्रशेठने दवाखान्याच्या दारातच सांगून टाकलं, "झोप लागली त्याला. रात्री घेतली आसंल."

झालं. गावाला तेवढं पुरलं.

दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत उभी असलेली माणसंसुद्धा तेच कुजबुजत होती. पुढे भागवतच्या मुलीला, निकिताला, स्थळं यायला लागली. दोन ठिकाणची माणसं चहा-पोहे खाऊन गेली ती परत फिरकलीच नाहीत. पोरीचा बाप पिऊन मेला म्हणे...

भागवतची बायको पुष्पावती एकच सांगायची. "ते गाडीवर कदी पापनी मिटायचे न्हाईत. गाडीच खराब हुती. मीटरचे काटे नाचत्यात, गेअर पडतोय, आसं मला सांगून गेल्ते."

पण तिचं कोण ऐकतं? नवरा गेलाय, बोलणारच ती, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं.

अंगदला मात्र वहिनीचं पटत होतं. चढणीला एखाद्याला डुलकी लागेल. भरल्या गाडीने घाट उतरताना कुणाला झोप लागते? पण पुरावा नव्हता. आणि शेठने ती गाडी अंगदच्या नजरेलाही पडू दिली नाही. दुसरीकडे नेली, केबिन ठोकून सरळ केली, जुनंच वायरिंग आत कोंबलं, वरून रंग मारला आणि पुन्हा रस्त्यावर काढली. माणूस मेला त्या सीटला नवीन कव्हर घातलं की यांचं काम संपलं.

मग गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली.

मीटरचे काटे एकदम पडायचे. गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला यायचा. ड्रायव्हर टिकेनात. शेठने मीटर बदलले, सेन्सर बदलले, गिअरबॉक्स खोलून परत बसवला. नगरमधला एक वायरमन ठेवला नाही.

एक सोडून.

खंडेनवमीच्या दुपारी शेठ स्वतः अंगदच्या दारात उभा राहिला. मागे तोच ट्रक. ट्रकवर नवा ड्रायव्हर कल्याण, पाथर्डीकडचा, पन्नाशीला आलेला शांत माणूस.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला असतात. अंगदने पाने, पक्कड, टेस्टर सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं होतं. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे त्यांच्या घरात वडिलांपासून पाळलेलं.

"आज काम न्हाई," अंगद म्हणाला.

"आरं नुस्ती बघ तरी. उद्या दसऱ्याची पूजा केली का भरायची हाय गाडी. समद्यांनी हात टेकलेत."

"माजा भाऊ ज्या गाडीत गेला ती गाडी माज्या दारात आनताना तुमाला काय वाटलं न्हाई का शेठ?"

शेठने तोंडातला तंबाखू बाजूला थुंकला. "झालंगेलं कुटवर धरून बसायचं अंगदा? धंदा हाय."

अंगदच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याने नाही म्हटलं नाही. ज्या गाडीला हात लावायला तो इतके दिवस तळमळत होता, ती आपल्या चाकांनी दारात आली होती.

"हत्यार उचलनार न्हाई," तो म्हणाला. "डोळ्यांनी आन हातांनी जेवढं कळंल तेवढं बघतो."

"संध्याकाळी येतो," म्हणून शेठ मोटारसायकलवर निघूनही गेला.

आता एक गोष्ट समजून घ्या. गाडीचे सगळे काटे एकदम नाचायला लागले, की कुठलाही वायरमन आधी अर्थिंग बघतो. बॅटरीची जी वायर चासीला, गाडीच्या सांगाड्याला, बसवलेली असते ती गंजली, ढिली झाली, की मीटर वाटेल ते दाखवतात. अंगद गाडीखाली शिरला. वायर हाताने ओढून पाहिली.

घट्ट. स्वच्छ. कोरी करकरीत.

"कल्याणभाऊ, नेमकं कवा हुतं ह्ये?"

कल्याण जरा घुटमळला. "सांगू का, तुमी हसाल. हिकडं तिकडं कुटंच न्हाई हुत. गाडी एकदम गुमान चालती. फकस्त करंजीच्या घाटाला..."

"उतारावर?"

"न्हाई ना. उताराच्या आदी. माथ्यावर. गाडी उताराला लागायच्या आदीच गेअर पडतो. जसं काय कुनी उतरूच देत न्हाई."

अंगद हसला नाही.

दोघे ट्रायलला निघाले. गाडी रिकामी. भिंगार मागे पडलं, मेहेकरी मागे पडलं. अंगद मीटरवर डोळे लावून बसला होता. डिझेलचा काटा जागेवर. पाण्याचा जागेवर. हवेचा काटा भरलेला. गिअर लोण्यासारखा बदलत होता.

या गाडीचं एक होतं. तिचा ब्रेक हवेवर चालायचा आणि गिअर बदलायलाही तीच हवा लागायची. टाकीतली हवा उतरली तर ब्रेकही गेला आणि गिअरही गेला. म्हणून हवेच्या काट्याला फार महत्त्व.

घाटाचा माथा आला.

समोर रस्ता खाली वळताना दिसत होता. नवा कठडा उन्हात चमकत होता.

आणि तेवढ्यात...

टक... टक.

मीटरच्या काचेवर कुणीतरी दोनदा वाजवलं.

अंगदने कल्याणकडे पाहिलं. कल्याणचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

काटा अडकला की काचेवर टिचकी मारायची सवय सगळ्याच ड्रायव्हरना असते. पण बोटातल्या अंगठीने, असं थांबून थांबून दोनदा वाजवायची सवय अंगदला एकाचीच माहीत होती. भागवत डावखुरा होता. अंगठीही डाव्याच हातात घालायचा.

टक... टक.

आणि काटे उतरायला लागले.

अर्थिंग गेल्यावर काटे उडतात, थरथरतात. हे तसं नव्हतं. हवेचा काटा सावकाश खाली चालला होता. टाकीतली हवा खरोखर संपत जावी तसा. मग बाकीचे काटेही त्याच्या मागोमाग.

गिअरचा दांडा अंगदच्या गुडघ्याजवळ होता. त्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता. तो हलला... आणि अलगद न्यूट्रलला येऊन थांबला.

कल्याणने ब्रेक दाबला. ब्रेक लागला. व्यवस्थित लागला. गाडी कडेला घेऊन त्याने इंजिन बंद केलं.

"पेडल परत दाबा," अंगद म्हणाला.

कल्याणने दाबून सोडलं. फुस्स... भरल्या टाकीचा जोरकस आवाज. म्हणजे हवा पुरेपूर होती. काटा मात्र शून्यावर.

अंगद खाली उतरला. बॅटरीचा कट-ऑफ हाताने फिरवून बंद केला. आता गाडीत कुठेच करंट नव्हता. लाईट नाही, हॉर्न नाही, काही नाही. तो परत केबिनमध्ये चढून बसला.

रस्त्यावर एक गाडी नव्हती. वारा पडला होता. मघापासून झाडांत ओरडणारे होले गप्प झाले होते.

आणि मग...

बझर वाजला.

डॅशबोर्डच्या आतून. कर्कश. एकसारखा.

कल्याणने दार उघडून खाली उडीच मारली. "ह्या गाडीला बझर न्हाई! म्या कदी आयकला न्हाई! सकाळी हवा भरताना बी वाजत न्हाई!"

हवा कमी झाली की ड्रायव्हरला सावध करायला तो बझर असतो. पण सकाळी गाडी चालू केली की टाकी भरेपर्यंत तो किंचाळत राहतो. त्याने डोकं उठतं, म्हणून कितीतरी गाड्यांत त्याची वायरच काढून टाकतात. काटा आहे की बघायला, म्हणतात.

काटा आहे. खरंय. आणि काटाच खोटं दाखवायला लागला तर?

अंगद पळाला नाही. का पळाला नाही ते त्याला आजही सांगता येत नाही. त्याने डॅशबोर्डखाली हात घातला. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याने टेस्टर लावला असता, दोन मिनिटांत वायर मोकळी आहे म्हणून कळलं असतं आणि काम संपलं असतं. पण टेस्टर पाटावर होता, झेंडूखाली. म्हणून तो बोटांनी चाचपत गेला.

बझरची डबी हाताला लागली. मुठीत ती थरथरत होती.

तिच्यातून निघालेली वायर धरून बोटं पुढे सरकली. वीतभर गेली... आणि वायर संपली. टोक साफ कापलेलं. पक्कडीने कापतात तसं.

कशालाच जोडलेला नसलेला बझर त्याच्या हातात ओरडत होता.

अंगद म्हणतो, तेव्हाही मी हात काढून घेणार होतो. पण कापलेल्या टोकाच्या जरासं अलीकडे बोटांना काहीतरी जाड लागलं. चिंधी गुंडाळलेला जोड. त्याने चिंधी सोडली. आतल्या तारेचा पीळ बोटांनी तपासला.

पीळ उलटा होता.

उजव्या हाताचा माणूस असा पीळ देत नाही. लहानपणी बॅटरीच्या तारा जोडताना याच उलट्या पिळावरून अंगद भावाला चिडवायचा. तुझं सगळंच उलटं, म्हणायचा.

म्हणजे वायर आधी कुणीतरी कापली होती. भागवतने ती जोडली होती. आणि त्याने जोडल्यानंतर कुणीतरी परत कापली होती.

"दादा..." अंगदच्या तोंडून निघालं. "कळलं रे. कळलं मला."

बझर थांबला.

होले परत ओरडायला लागले. खाली रस्त्यावर कल्याण दोन्ही हात जोडून उभा होता, नेमका कुणाला ते त्याचं त्यालाच माहीत.

संध्याकाळी शेठ गॅरेजवर आला तेव्हा अजून उजेड होता.

"सापडला का फॉल्ट?"

"बझरची वायर कुनी कापली शेठ?"

"बझरची व्हय? म्याच सांगितलं कापायला. सकाळी गाड्या चालू केल्या का नुस्ता कालवा. शेजारी भांडायला यायचे."

"दादानं जोडली हुती ती."

"जोडली हुती येड्यानं. मला इचारलं बी न्हाई. म्हनं काटा खोटा दावतोय, निदान बझर तरी पायजे. म्या परत कापायला लावली."

"कवा?"

शेठने खरंच आठवून पाहिलं. लपवावं असंसुद्धा त्याला वाटलं नाही. "त्यो ग्येला त्याच्या आदल्या दिशी."

अंगद त्याच्याकडे बघतच राहिला. शेठलाच ते टोचलं असावं. म्हणाला, "त्यात काय येवढं? बझर न्हाई म्हनून काय मानूस मरतो व्हय?"

पाटावर मोठा पाना होता. अंगदची नजर त्याच्यावर गेली. हे त्याने मला स्वतः सांगितलंय. हात निम्म्यापर्यंत गेलाही होता. पण पान्यावर हळदकुंकू होतं, फूल होतं. पूजेतलं हत्यार... हात तिथेच थांबला. मला तर वाटतं, त्या दिवशी शेठ वाचला तो केवळ खंडेनवमी होती म्हणून.

अंगदने वायर जोडून दिली. हातानेच. भावाच्या उलट्या पिळाला हात न लावता, पुढे आपला सरळ पीळ घातला. कल्याणकडची चिकटपट्टी गुंडाळली. दसऱ्याची पूजा झाली, गाडी भरली, करंजीचा घाट उतरली. काटे हलले नाहीत. गिअर पडला नाही.

चिंधी मात्र अंगदने खिशात ठेवली होती. घरी येऊन वहिनीच्या हातावर ठेवली.

पुष्पावतीने ती उलटीसुलटी करून पाहिली. "भाकरीच्या फडक्याची पट्टी हाय ही. फाटलेलं फडकं कसं आनलं म्हनून मी त्यांच्यावर खेकसले हुते..."

"वहिनी, दादा झोपला न्हवता. टाकीतली हवा संपली, काटा भरलेला दावत ऱ्हायला, आन बझर तोडलेला हुता."

"भावजी, मला म्हाईतच हुतं." ती रडली नाही. "ह्ये गावाला सांगा. निकिताच्या वेळी ज्यांनी ज्यांनी तोंड फिरवलं त्यांना सांगा."

अंगद गावी गेला. देवळापुढे बसलेल्या माणसांना सगळं सांगितलं. बझर, जोड, उलटा पीळ, शेठचं बोलणं. लोकांनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, आता काय उपयोग? दुसरा म्हणाला, शेठचं नाव कशाला घेतो, उद्या कांदा कोण नेणार आपला? "झोप लागली त्याला" हे वाक्य तासाभरात पंचक्रोशीत पोचलं होतं. खरं वाक्य देवळाच्या पायऱ्याही उतरलं नाही.

थू अशा जगण्यावर!

दिवाळीच्या सुमारास कल्याण गॅरेजवर आला. पायी. हातात एक पिशवी.

"शेठनं बझर काढून फेकला," तो म्हणाला. "परत शेजारी वरडले म्हनं. म्या भंगारातून उचलून आनला. तुमच्या भावाची वस्तू हाय, तुमच्यापाशी आसूंद्या."

"आन गाडी?"

"म्या सोडली. शेठनं बी इकली. कोन म्हनतं जामखेडकडं ग्येली, कोन म्हनतं बीडकडं. न्हाई म्हाईत."

अंगदने बझर फळीवर ठेवला. गणपतीच्या तसबिरीशेजारी. वायरचं टोक तसंच लोंबकळत.

काही दिवसांनी, भर दुपारी, तो वाजला.

अंगद सोल्डरिंग करत होता. हातातलं काम टाकून तो उठला, फळीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आयकलं रे दादा." बझर थांबला. तेव्हापासून अधूनमधून वाजतो. कधी महिनाभर गप्प असतो, कधी आठवड्यात दोनदा. अंगद "आयकलं" म्हणतो. थांबतो. त्याला आता भीती वाटत नाही. भाऊ आहे, म्हणतो, येतो, जातो.

मी हे सगळं ऐकून होतो. हो ला हो करायचो. मनातून म्हणायचो, बिचाऱ्याने भावाचं फार मनाला लावून घेतलंय.

गेल्या महिन्यात मी त्याच्या गॅरेजवर चहा पीत बसलो होतो. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. बाहेर बायपासला गाड्या चालू होत्या.

आधी आवाज आला...

टक... टक.

अंगदने मान वर केली. फळीवर काच नव्हती. काही नव्हतं.

मग बझर वाजला.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वायरचं टोक हवेत होतं आणि डबी फळीवर थरथरत होती. तसबीर हलत होती.

"आयकलं रे दादा," अंगद म्हणाला.

थांबला नाही.

"आयकलं म्हनलं ना!"

थांबला नाही. उलट वाढला. असा त्याआधी कधीच वाजला नव्हता, हे मला अंगदच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने झटकन मोबाईल काढला. कल्याणचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला कल्याणने उचलला. "मी शेतात हाय भाऊ. का वो?" त्याचा आवाज एकदम ठणठणीत.

तेव्हा आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. गाडी अजून रस्त्यावर आहे. बझर तिच्यात नाही, इथे आहे. आणि स्टिअरिंगवर आत्ता कुणीतरी बसलंय, ज्याचं नाव आम्हाला माहीत नाही, गाव माहीत नाही, नंबर माहीत नाही.

अंगदने शेठला फोन लावला. शेठने उचलला नाही. परत लावला. परत लावला.

बझर किंचाळत होता. अंगद मोबाईल हातात धरून माझ्याकडे बघत होता. "कुनाला सांगू?" तो म्हणाला. "आरं, कुनाला सांगू मी?"

आम्ही दोघे धडधाकट माणसं नुसते ऐकत उभे होतो.

मग तो थांबला. एकदम. मधेच तोडल्यासारखा.

त्यानंतर आजपर्यंत तो पुन्हा वाजलेला नाही.

दुसऱ्या दिवशीचा पेपर अंगदने उघडला नाही. मीही उघडला नाही.